अपराध्याचे हक्क

बेळगावहून चोर्लामार्गे गोव्याला जाणारा रस्ता घाट उतरण्यापूर्वी कणकुंबीला पोहोचतो. मलप्रभेचा उगम येथलाच. राज्याची सीमा जवळ असल्यामुळे या वाटेवर वाहनांची झडती ही नित्याचीच गोष्ट. समजा, अशा एका झडतीत मालाच्या पोत्यांखाली गांजाची पुडकी निघाली. चालक म्हणतो, 'मला ठाऊक नव्हते.' पण भोवती जमलेल्या माणसांचा निवाडा तोवर होऊन गेलेला असतो. माल सापडला, आता वकील कशाला?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ज्या मातेचा मुलगा या विषाने वाया गेला, तिच्या तोंडी तो आला तर आपली मान खाली जाईल. अपराध्याच्या हक्कांची चर्चा करणाऱ्याने प्रथम त्या मातेला उत्तर दिले पाहिजे.

अमली पदार्थांविषयीचा १९८५ चा कायदा कठोर आहे. व्यापारी प्रमाणात माल सापडल्यास किमान शिक्षा १० वर्षे सक्तमजुरीची, आणि जामीन अत्यंत दुर्लभ. शिवाय आरोपीच्या मनात गुन्ह्याची जाणीव होती असे कलम ३५ गृहीत धरते. ती नव्हती हे त्यानेच निःसंशय सिद्ध करावयाचे! 'मला ठाऊक नव्हते' हे सिद्ध करणे किती अवघड आहे, याचा विचार ज्याचा त्याने करावा. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एवढे स्पष्ट केले, की मूळ वस्तुस्थिती आधी सरकार पक्षाने शाबीत केली पाहिजे. त्यानंतरच हे ओझे आरोपीच्या शिरावर येते.

शिक्षा जितकी जबर, तितकी तिच्याकडे जाणारी वाट काटेकोर असली पाहिजे. आरोपीच्या अंगाची झडती घ्यावयाची असल्यास, ती राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर व्हावी अशी मागणी तो करू शकतो. हा हक्क त्याला सांगितलाच पाहिजे, असे १९९९ मध्ये घटनापीठाने ठरविले. या कायद्याखाली तपासाचे अधिकार असलेल्या अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालणार नाही, असा निर्णय २०२० मध्ये बहुमताने झाला. लोक यांना पळवाटा म्हणतात. परंतु प्रामाणिक अधिकाऱ्याला हे नियम पाळण्यात काय अडचण आहे? नियम डावलल्यामुळे अपराधी सुटला, तर त्या मातेचा रोष हक्कावर नव्हे, हलगर्जीपणावर असावयास हवा.

तरीही कोणी म्हणेल, चालक कदाचित निर्दोष असेल. पण ज्याचा अपराध निश्चित आहे, त्याला हे हक्क कशासाठी? याचे उत्तर एका सुशिक्षिताच्या खटल्यात सापडते, आणि त्याचा संबंध आपल्या शेजारच्या धारवाडशी आहे. सौराष्ट्र विद्यापीठातील एका प्रपाठकाने बनावट अधिकारपत्राच्या आधारे, धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचा उठावाचा शिक्का मुंबईच्या एका ठसे करणाऱ्याकडे करावयास टाकला. सत्र न्यायालयाने न्यायालय उठेपर्यंतची साधी कैद आणि दंड एवढ्यावर त्याला सोडले. १९७३ मध्ये उच्च न्यायालयाने ती शिक्षा तीन वर्षांची केली. तो सर्वोच्च न्यायालयात गेला तो चार वर्षांहून अधिक काळाने, शिक्षा भोगून झाल्यावर. निकालपत्राची प्रत त्याच्या हाती वेळेवर पडलीच नव्हती, अशी त्याची तक्रार होती; आणि प्रत पोचल्याची त्याची सही तुरुंगाच्या दप्तरात नव्हती.

'होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या नावाने प्रसिद्ध असलेला हा निकाल न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ऑगस्ट १९७८ मध्ये दिला. अर्ज फेटाळला गेला. अपराधाविषयी न्यायालयाला शंका नव्हती. परंतु त्याच निकालाने सांगितले, की कैद्याला निकालाची प्रत तत्काळ आणि विनामूल्य मिळाली पाहिजे, आणि वकील करण्याची ऐपत नसेल तर अपिलासाठी तो राज्याने दिला पाहिजे. हे राज्याचे कर्तव्य आहे, दान नव्हे. दोषी ठरलेल्या एका माणसाच्या अर्जातून सर्व कैद्यांचा हक्क असा उजेडात आला.

यात विरोधाभास काहीच नाही. निर्दोषाच्या कपाळी वेगळे गंध नसते. अपराध्याला नाकारलेला हक्क निरपराध्यालाही मिळत नाही, कारण दोघे एकाच दाराने न्यायालयात येतात. आणि अपराध निश्चित असला तरी शिक्षा ही समाजाच्या नावाने दिली जाते. ती देताना समाजानेच नियम मोडले, तर बळजोरी आणि न्याय यांत फरक काय उरला?

खरा अन्याय निराळाच आहे. लेखणीने लाखोंचा अपहार करणारा नामांकित वकील उभा करतो, आणि भाड्याच्या ट्रकचा चालक कोठडीत मुकाट बसतो. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे कोठडीतील माणसाला वकिलाच्या मोफत साहाय्यासाठी उत्पन्नाची अट नाही. पण हे त्याला सांगणार कोण?

त्या मातेला म्हणूनच एवढे सांगावे: बाई, तुझ्या मुलाला विष देणारा शिक्षेवाचून सुटू नये, हे आम्हालाही मान्य आहे. परंतु त्याच्या जागी दुसऱ्याच कोणाचा मुलगा तुरुंगात गेला, तर तुझे दुःख हलके होणार नाही. ते दुसऱ्या घरी जाईल एवढेच.