जरा कळ काढा

वाट पाहण्याच्या बाबतीत माझ्या पिढीला कुणी शिकवायला जाऊ नये. आमच्या वडिलांनी स्कूटरचा नंबर लावला १९७४ साली, तेव्हा मी अकरावीत होतो. स्कूटर दारात आली तेव्हा मी तिच्यावरून ऑफिसात गेलो. टेलिफोनचा अर्ज मी स्वतः केला १९८४ साली. यंत्र घरात आलं १९९१ साली, आणि तोवर रांगायला लागलेल्या आमच्या कन्येने पहिल्याच दिवशी त्याची वायर तोंडात घातली. एस. टी.च्या स्टँडावर, रेशनच्या रांगेत, दाताच्या डॉक्टरकडे, मुलीचं लग्न ठरण्यासाठी, अशी सगळ्या जातीची वाट मी पाहिलेली आहे. तेव्हा ‘बाबा, आता फक्त वाट पाहायची’ असं याच वायर चावणाऱ्या कन्येने २०२३ च्या एप्रिलात मला हेग मुक्कामी सांगितलं, तेव्हा मी मनात म्हटलं, हा तर आपला हातखंडा विषय!

फरक एवढाच, की रांगेत आपल्यापुढे किती डोकी आहेत ते मोजता येतं. इथे रांगच नव्हती. कन्या घरी बाळंत होणार होती, सगळी तयारी झाली होती, आणि कळा सुरू होत नव्हत्या.

‘घरी’ या शब्दाचा खुलासा आधी केला पाहिजे, कारण पुण्यात तो ऐकल्यावर आमच्या सौभाग्यवती तासभर बोलल्याच नाहीत. (ही घटना आमच्याकडे दुर्मीळ आहे.) तिचं म्हणणं चूक नव्हतं. माझी थोरली आत्या घरीच अडली होती. पावसाचे दिवस, नदीला पूर, आणि डॉक्टर नदीपलीकडे. घरात सुईण होती, आजी होती, देव पाण्यात होते. आत्या राहिली नाही आणि मूलही नाही. त्या काळी घरी बाळंत व्हायचं ठरवावं लागत नसे, कारण दुसरी सोयच नव्हती. ती झाल्यावर आपल्या बायका शहाणपणाने इस्पितळात गेल्या. २०१९ ते २१ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातली शंभरातली जवळजवळ पंचाण्णव बाळंतपणं इस्पितळात झालेली दिसतात. ‘एवढं शिकून परदेशात गेली ती आजीच्या बाळंतिणीच्या खोलीत परत यायला?’ असं ही म्हणाली, तेव्हा मला उत्तर सुचलं नाही.

हॉलंडातला प्रकार मात्र निराळा. १९६० च्या सुमारास तिथली दर तीनातली दोन बाळं घरी जन्मत. आता शंभरात पंधराच्या आसपास. पण जी जन्मतात ती शिस्तीत. बाई धडधाकट हवी, मूल डोक्याकडून खाली आलेलं हवं, इस्पितळ जवळ हवं, आणि शिकलेली, परवाना असलेली सुईण हवी. तिला डच भाषेत ‘फरलोसकुंदिखे’ म्हणतात. हा शब्द पाठ करायला मला आठवडा लागला; पण त्याचा अर्थ जावयाने सांगितला तेव्हा मी चाटच पडलो. ‘सुटका करण्यातली जाणकार!’ आपल्याकडे जुन्या बायका काय विचारायच्या? ‘झाली का हो सुटका?’ सात समुद्रांपलीकडेही बाईची सुटकाच होते म्हणायची.

तयारीबद्दल काय सांगू! विमा कंपनीकडून एक खोकं आलं. त्यात कापूस, चादरी, नाळेचा चिमटा, सगळं. पलंगाच्या चारी पायांखाली ठोकळे घालून तो कमरेएवढा उंच केला, कारण पुढे घरी येणाऱ्या परिचारिकेची पाठ दुखता कामा नये असा त्या देशाचा नियम आहे. आपल्याकडे बाळंतिणीच्या कमरेची काळजी करतात. तिथे दाईच्याही कमरेची करतात. त्या पलंगावर चढायला लेकीला पाट ठेवावा लागे. दोन बादल्या, पाळणा ऊबदार करायला पत्र्याच्या गरम पाण्याच्या बाटल्या, आणि आमच्यातर्फे डिंक, अळीव, बाळंतशेपा. सदतीस आठवडे पूर्ण झाले त्या दिवशी सगळं जागच्या जागी होतं. सदतीस ते बेचाळीस आठवडे, एवढीच घरची मुदत. अलीकडे झालं तरी इस्पितळ, पलीकडे गेलं तरी इस्पितळ.

आणि मग आम्ही चौघं त्या पलंगाकडे पाहत बसलो.

तारीख दिली होती १५ एप्रिल. ही तारीख काढण्याची रीत फ्रान्झ नेगेले नावाच्या जर्मन पंडिताच्या नावाने चालते. तो १८५१ साली वारला. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून तीन महिने मागे या, सात दिवस पुढे जा, वर्ष बदला. म्हणजे झाले नऊ महिने सात दिवस. आमच्या आजीला जर्मन येत नव्हतं, ती नऊ महिने नऊ दिवस म्हणायची. दोनच दिवसांची तफावत! गंमत म्हणजे एवढं गणित करून नेमक्या दिलेल्या तारखेला जन्मणारी मुलं शंभरात चार-पाचच. एवढी चुकणारी तारीख आमच्या बँकेत कुणी लिहिली असती, तर त्याची बदली गडचिरोलीला झाली असती.

१६ तारखेला सकाळी मी म्हणालो, ‘उशीर झाला.’

लेक शांतपणे म्हणाली, ‘कुणाला, बाबा?’

मी त्या प्रश्नावर दोन दिवस विचार केला; दुसरा उद्योगही नव्हता. उशीर व्हायला आधी कुणीतरी वेळ कबूल केलेली असावी लागते. एस. टी. उशिरा येते, कारण फळ्यावर तिची वेळ तिच्याच मालकांनी लिहिलेली असते. या बाळाने काय कबूल केलं होतं? तारीख आम्ही काढली, कॅलेंडरावर लाल गोल आम्ही केला, आणि उशिराचा ठपका मात्र त्याच्यावर. ज्याचं अजून नावही ठेवलेलं नाही, त्याला आम्ही आधीच आळशी ठरवून मोकळे! बरं, कळा सुरू कोण करतं, आई की मूल? न्यूझीलंडच्या लिगिन्स नावाच्या डॉक्टरने १९६० च्या दशकात मेंढ्यांवर प्रयोग करून दाखवलं, की मेंढीच्या पोटातलं कोकरूच आपल्या शरीरातून इशारा पाठवतं आणि मग कळा येतात. माणसाचं कोडं मात्र अजून पूर्ण उलगडलेलं नाही. कोकराला कळतं की आपली वेळ झाली. आपल्याकडे मात्र अख्खी सोसायटी कळवायला बसलेली असते.

सोसायटी म्हणजे फोन. सकाळी पुण्याहून, दुपारी ठाण्याहून, रात्री न्यू जर्सीहून. ‘काही विशेष?’ ‘झालं का?’ ‘अजून नाही?’ या ‘अजून’ शब्दात किती दटावणी भरलेली असते ते फोन घेणाऱ्यालाच कळतं. माझी बहीण म्हणाली, ‘एरंडेल पाज.’ एका काकूंनी जिना चढायला सांगितलं. हॉलंडातले जिने शिडीसारखे उभे असतात, तेव्हा काकूंना तो जिना एकदा दाखवलाच पाहिजे. मेहुण्यांनी पंचांग उघडलं. ‘सत्तावीस तारखेला गुरुवार आहे, सकाळी पुष्य लागतंय. गुरुपुष्यामृत! लोक सोनं घेतात, आपण नातवंड घेऊ. तोवर थांबवता आलं तर बघा.’ त्याच दिवशी तिथल्या राजाचा वाढदिवस, म्हणजे अख्खा देश नारिंगी कपडे घालून रस्त्यावर. मेहुण्यांचं समाधान द्विगुणित झालं. त्यांच्या ओळखीत मुहूर्त काढून ऑपरेशन करून घेतलेली दोन मुलं आहेत, आणि दोन्ही, त्यांच्या मते, गणितात हुशार निघाली.

मला प्रश्न पडला तो असा, की वाट पाहणं हे वाटतं तेवढं निरुपद्रवी आहे का? आपण म्हणतो, मी काही करत नाही, नुसती वाट पाहतोय. पण ज्याची वाट पाहायची त्याच्या अंगावर ते ‘नुसतं’ किती बसतं! लेक खुर्चीतून उठली की तिच्या आईचा चष्मा वर होई. ती न्हाणीघरात पाच मिनिटं जास्त राहिली की जावई पॅसेजमध्ये उगाच खुंटीवरचे कोट नीट करी. तिने ‘आई गं’ म्हटलं, तर तिघं धावलो. चहा सांडला होता. ट्यूलिपचे मळे ऐन बहरात होते, ते बघायला तुम्ही दोघं जा म्हणून तिने हिच्या पाया पडायचं बाकी ठेवलं होतं. ही म्हणे, ‘आणि नेमक्या तेव्हाच सुरू झाल्या म्हणजे?’ शेवटी एका संध्याकाळी लेक म्हणाली, ‘तुम्ही सगळे माझ्या पोटाकडे बघत बसता ना, तेव्हा मला वाटतं मी स्टेजवर आहे आणि भाषण विसरलेय.’ मराठीत वाट ‘बघतात’, हा शब्द किती खरा आहे ते मला तेव्हा कळलं. त्या दिवसापासून मी रोज दोन तास कालव्याच्या काठी बदकं बघायला जाऊ लागलो. बदकांना त्याचं काही वाटत नसावं.

आपली भाषा या बाबतीत फार जाणती आहे. कुणाला थांबायला सांगायचं तर आपण म्हणतो, ‘जरा कळ काढ.’ बाळंतिणीच्याही कळाच. थांबणं आणि दुखणं यांना एकाच शब्दात बसवणारी ती बाई कोण होती कोण जाणे. बाईच असणार, पुरुषाला हे सुचायचं नाही.

पण हे सगळं तत्त्वज्ञान २२ तारखेपर्यंत ठीक होतं. त्या दिवशी एक्केचाळीस आठवडे पुरे झाले, आणि सुईणबाई दप्तर घेऊन समोर बसल्या. तिशीच्या, उंच, बोलणं मोजकं. त्यांनी लपवाछपवी केली नाही. स्वीडनमध्ये सुमारे पावणेतीन हजार बायकांवर एक मोठी पाहणी केली होती. एक्केचाळिसाव्या आठवड्याला औषधाने कळा आणायच्या, की बेचाळीसपर्यंत थांबायचं? थांबलेल्यांच्या गटात सहा बाळं दगावली, दुसऱ्या गटात एकही नाही, आणि ती पाहणी २०१८ साली मध्येच थांबवली. २०१९ साली छापून आली. थांबलेल्या जवळजवळ चौदाशे जणींत सहा. धोका थोडा, पण ज्या घरात तो शिरतो तिथे थोडा नसतो. इस्पितळात जायचं की थांबायचं, तुम्ही ठरवा, असं म्हणून बाई गप्प बसल्या.

हिच्या डोळ्यांसमोर आत्या आणि नदीचा पूर होता. ही ताडकन म्हणाली, ‘आजच जाऊ.’ जावई आकडे पुन्हा वाचू लागला. मला वाटत होतं, आपल्याला कुणी मत विचारू नये. आणि कुणी विचारलं नाही. लेकीने बराच वेळ घेतला. मग म्हणाली, ‘बुधवारपर्यंत थांबते. रोज तपासा. गुरुवारी सकाळी काही नसेल, किंवा त्याआधी एक जरी ठोका इकडचा तिकडे झाला, तर मी इस्पितळात. मग ठोकळे, बादल्या, काही मनात आणायचं नाही.’

माझ्या आजवरच्या सगळ्या वाटा पाहण्यात ही अक्कल नव्हती. आम्ही थांबायचो ते बस येईपर्यंत. बस यायचीच नाही असं कधी मानायचं, हे ठरवत नव्हतो. आत्यासाठीही सगळे थांबलेच होते. पूर ओसरेल म्हणून थांबले, पहाट होईल म्हणून थांबले. त्यांना काही म्हणायचा अधिकार मला नाही. पण लेक ते वाक्य बोलली तेव्हा हिने डोळे पुसले आणि उठून कुकर लावला, म्हणजे निर्णय मंजूर झाला.

बुधवारी दुपारी कळा सुरू झाल्या. चार-पाच मिनिटांनी एक, मिनिटभर टिकणारी, असं तासभर चाललं की फोन करायचा, हा नियम जावयाने फ्रिजवर लावून ठेवला होता. सुईणबाई आल्या, आणि मला वाटलं आता धावपळ. छे! उघड्या दारातून मला दिसलं ते एवढंच, की बाई कोपऱ्यात जमिनीवर मांडी घालून बसल्या आहेत. दर थोड्या वेळाने उठत, हातात मावणारं यंत्र पोटाला लावून बाळाचे ठोके ऐकत, वहीत काहीतरी टिपत, पुन्हा कोपऱ्यात. खालच्या रस्त्यावर गाडी तयार, फोन हाताशी. पहिलटकरणींपैकी पुष्कळजणींना मध्येच हलवावं लागतं, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. तासन् तास हाच क्रम. काही न करण्यासाठी इतकं शिकावं लागतं हे मला ठाऊक नव्हतं. आम्ही अकरा दिवस जे केलं तेच ही बाई करत होती, पण लेकीला तिच्या बघण्याचं ओझं होत नव्हतं. मी स्वयंपाकघरात पत्र्याच्या बाटल्या भरत होतो. तीन वेळा भरल्या, तीन वेळा निवल्या.

रात्री नऊ चाळीसला ऐकू आलं. मुलगी. सुटका झाली.

मग त्या देशाच्या रीतीप्रमाणे गोल कुरकुरीत टोस्टावर लोणी लावून वर गुलाबी-पांढऱ्या साखरेतली बडीशेप पसरली. तिला ते ‘छोटे उंदीर’ म्हणतात. हिने एक दाणा चावला आणि म्हणाली, ‘अगंबाई, ही तर आपली बडीशेप!’ आणि सुईणबाईंच्या हातावर डिंकाचा लाडू ठेवला. त्यांनी तो उभ्या उभ्या संपवला, दुसरा मागितला, आणि तिथेच आमच्या हिचं हॉलंडविषयीचं मत कायमचं बदललं.

पुण्यात तेव्हा रात्रीचा दीड वाजत आला होता, तरी मेहुण्यांना फोन केलाच. पहिल्या घंटेलाच उचलला. जागेच होते बिचारे. ऐकून फार आनंदले, बाळ-बाळंतीण कशी आहे, वजन किती, सगळं विचारून झालं. मग पंचांगाची पानं उलटल्याचा आवाज आला. ‘वेळ काय म्हणालात? म्हणजे आपल्याकडे गुरुवार लागला होता... पण पुष्य सकाळी सातला.’ थोडा वेळ कुणीच बोललं नाही.

‘अरेरे,’ मेहुणे म्हणाले, ‘एवढे दिवस थांबली, आणखी सहा तास कळ काढायला काय झालं होतं?’