हेतू चांगला असला की पुरे का?

दरवर्षी मार्चच्या सुमारास मोनार्क नावाची केशरी फुलपाखरे मेक्सिकोच्या डोंगरातील जंगलांतून उत्तरेकडे निघतात. त्याच वेळी अमेरिकेतील टेक्सासमध्ये मिल्कवीड ही चिकाची रानटी झाडे जमिनीतून डोके वर काढत असतात. आपली रुई त्यांच्याच कुळातली. मादी त्या कोवळ्या पानांवर एकेक अंडे घालते, कारण तिच्या सुरवंटाला दुसरे अन्न चालत नाही.

तणनाशकांमुळे शेतांतील मिल्कवीड फार कमी झाले. तेव्हा अनेक सहृदय माणसांनी ते आपल्या परसात लावले. परंतु रोपवाटिकांत सहज मिळे ते बाहेरून आलेले, उष्ण प्रदेशातले मिल्कवीड. आपण त्याला हळदीकुंकू म्हणतो. फुले सुंदर आणि उबदार भागात हिवाळ्यातही हिरवेगार! येथेच घात झाला. काही फुलपाखरे पुढचा प्रवास सोडून तेथेच अंडी घालत राहिली. त्यांच्या अंगावरील एका परजीवीचे बीजाणू पानांवर साठतात. ती पाने खाणाऱ्या सुरवंटाचे फुलपाखरू दुबळे निघते, कधी त्याचे पंखच उघडत नाहीत. स्थानिक मिल्कवीड मात्र हिवाळ्यात वाळते, त्याबरोबर दूषित पानेही जातात आणि वसंतात स्वच्छ पालवी फुटते.

मग झाडे लावणाऱ्यांना आपण दोष द्यावा का? मुळीच नाही. सर्व काही कळेपर्यंत थांबायचे ठरवले, तर कोणीच कोणाच्या मदतीला धावणार नाही. पण कळल्यानंतर जबाबदारी बदलते. आता तेथील जाणकार सांगतात, स्थानिक झाड लावा. ते शक्य नसेल, तर हळदीकुंकू हिवाळ्यापूर्वी छाटून टाका. हिरवेगार झाड छाटणे जिवावर येते, तरीही छाटणे हीच तेव्हा दया असते.

बंधुभगिनींनो, आपणही मदत करताना पुष्कळदा आपल्याला सोपे आणि शोभिवंत तेच देतो. एकट्या राहणाऱ्या वृद्धाला आपण फळांची करंडी पोहोचवतो. त्याला कदाचित कोणीतरी तासभर जवळ बसायला हवे असते. दुसऱ्याचे भले इच्छिणे ही सुरुवात झाली. त्याचे भले कशात आहे, हे त्याच्याकडे नीट पाहून शिकणे, आणि शिकल्यावर आपली रीत बदलणे, हा त्याच प्रेमाचा उरलेला अर्धा भाग आहे. या आठवड्यात कोणाला काही देण्यापूर्वी आपण एवढेच विचारू या, “तुम्हाला काय हवे आहे?”