मैत्रीचा हिशेब कापसाच्या गाडीवर

चंद्रपूर जिल्ह्याच्या राजुरा-कोरपना भागात कापसाच्या पहिल्या वेचणीआधी सीतादही करतात. शेताच्या एका कोपऱ्यात दहीभाताचा नैवेद्य ठेवायचा, पऱ्हाटीला हात जोडायचे, मगच वेचणाऱ्या बायांच्या ओटीत पहिला कापूस पडायचा. चंद्रपूर म्हटले की बाहेरच्यांना वाघ, साग आणि कोळसा आठवतो. वर्धा नदीकाठची ही काळी जमीन सहसा कोणाच्या ध्यानात नसते. पण २०२५ साली सीतादहीचा दिवस उजाडण्याआधीच या कापसाला वॉशिंग्टन आणि दिल्लीतल्या भांडणाची झळ लागली होती.

७ ऑगस्टला भारतीय मालावर अमेरिकेचे २५ टक्के शुल्क लागू झाले. रशियाचे तेल घेतल्याबद्दल आणखी २५ टक्के २७ ऑगस्टपासून लागणार, हेही तोवर जाहीर झाले होते. त्याच ७ तारखेला कृषिशास्त्रज्ञ स्वामीनाथन यांच्या जन्मशताब्दी परिषदेत पंतप्रधान म्हणाले, शेतकरी, पशुपालक आणि मच्छीमार यांच्या हिताशी भारत तडजोड करणार नाही, मग त्याची किंमत आपल्याला मोजावी लागली तरी चालेल. त्यानंतर अकराव्या दिवशी, १८ ऑगस्टला, केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क माफ केले. माफी आधी ३० सप्टेंबरपर्यंत होती, ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. आमच्याकडे हेच वेचणीचे आणि विक्रीचे महिने. अमेरिकेने आपल्या कापडासमोर भिंत उंच केली आणि आपण कापसाची वेस उघडली, त्यातून अमेरिकेच्या गाठीही आत येणार होत्या.

ही माफी हवी असलेल्या कापड गिरण्यांची बाजू खोटी नव्हती. ५० टक्के शुल्क भरून अमेरिकेत कपडे विकायचे तर निदान रुई तरी स्वस्त हवी. तिरुपूरच्या शिलाईयंत्रावर बसलेल्या बाईची रोजी हाही देशहिताचाच प्रश्न आहे. पण एकाला वाचवण्याचा खर्च दुसऱ्याच्या गाडीवर लादताना त्याची भरपाई काय, हे कोणी सांगितले नाही. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता, भारतीय कापूस महामंडळाची (सीसीआय) खरेदी होती, हे खरे. पण तिथे आधी ॲपवर नोंदणी, मग ओलाव्याचे मोजमाप. १२ टक्क्यांवर ओलावा निघाला की गाडी परत. दिवाळीला हातात पैसा हवा असलेला कास्तकार खेडा खरेदीवाल्याच्या काट्यावर जातो, आणि तिथला भाव बाजार ठरवतो.

अमेरिका आपली करारबद्ध मित्र नाही, पण दोन मोठ्या लोकशाह्यांची भागीदारी हे वाक्य दोन्हीकडच्या भाषणांत असते. मग त्या भागीदाराकडून एक गोष्ट तरी शिकावी. २०१८ साली चीनने अमेरिकी सोयाबीनवर शुल्क लावले, तेव्हा ट्रम्प सरकारने दोन वर्षांत शेतकऱ्यांसाठी २८ अब्ज डॉलरपर्यंतची मदत जाहीर केली. भांडण सरकारचे, तर भरपाईही सरकारची, हा हिशेब त्यांना कळतो. ब्राझीलने तर अमेरिकेच्या कापूस अनुदानाविरुद्ध २००२ साली जागतिक व्यापार संघटनेत दाद मागितली, खटला जिंकला आणि २०१४ साली ३० कोटी डॉलर घेऊन तो मिटवला. एवढे होऊनही दोघांचे संबंध तुटले नाहीत. मित्राला हिशेब विचारला की मैत्री मोडते, ही भीती निराधार आहे.

दूरच्या भांडणाची ही झळ आमच्या कापसाला नवीन नाही. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, मँचेस्टरला कापूस मिळेनासा झाला आणि शेजारच्या हिंगणघाटच्या मालाला सोन्याचे दिवस आले. १८६५ साली युद्ध संपले आणि भाव कोसळले. तेव्हाच्या कास्तकाराला मत नव्हते, त्यामुळे त्याला विचारण्याचा प्रश्नच नव्हता. आज मत आहे, तरी विचारले कोणी? १८ ऑगस्टला संसदेचे पावसाळी अधिवेशन चालू होते. शुल्कमाफी मात्र अधिसूचनेने आली. तिकडे ट्रम्प यांनीही तिथल्या संसदेला, म्हणजे काँग्रेसला, बाजूला ठेवून १९७७ च्या एका आणीबाणीच्या कायद्यावर शुल्के लादली. ते अधिकार त्या कायद्यात बसत नाहीत, असे अपील न्यायालयाने २९ ऑगस्टला म्हटले. टेक्सासच्या कापूसवाल्यालाही कोणी विचारले नव्हते. दोन लोकशाह्यांचे साम्य तेव्हा दिसले ते इथे: दोन्हीकडे व्यापाराचा निर्णय एका सहीवर येऊन थांबला होता.

निर्णय सगळ्यांना विचारूनही घेता येतो. चंद्रपूरला लागूनच्या जंगलपट्ट्यात, गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात, मेंढा (लेखा) हे गाव आहे. २००९ साली या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. तिथे बांबू तोडायचा की नाही हे ग्रामसभा ठरवते, आणि ठरवते ती सर्वसहमतीने. वेळ लागतो, चर्चा लांबते, पण नंतर कोणी म्हणत नाही की मला विचारले नव्हते. एवढ्या मोठ्या देशात प्रत्येक शुल्कासाठी सर्वसहमती शक्य नाही, हे मान्य. मात्र कृषी हा घटनेने राज्याचा विषय आहे. शेतमालाचे दार उघडणारा करार सही होण्याआधी संसदेत आणि विधानसभेत चर्चेला यावा, आणि ज्याचा भाव पडणार त्याच्या फरकाची तरतूद त्याच कागदावर असावी, एवढे तर मागता येते. हे मागण्याचे पहिले काम चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या खासदार-आमदारांचे आहे. पुढच्या सीतादहीच्या आत त्यांनी ते करावे.