पहिला कोण आणि खरा कोण?



मार्टिनी नावाचे एक पेय जगभर प्रसिद्ध आहे. जीन आणि ड्राय व्हर्मुथ बर्फावर ढवळायचे, गाळून प्याल्यात ओतायचे, वर एक ऑलिव्ह किंवा लिंबाची साल. कृती एवढीच, पण ते पहिल्यांदा कोणी केले यावर आजही एकमत नाही. कॅलिफोर्नियातील मार्टिनेझ हे गाव म्हणते, ते आमचे. कोणी म्हणतात, नाव इटलीच्या मार्टिनी व्हर्मुथवरून पडले.

शेजारच्या गोव्यातील काजूफेणीचेही तसेच. काजूचे झाड मूळचे ब्राझीलचे. पोर्तुगीजांनी ते सोळाव्या शतकात इकडे आणले. गळून पडलेले पिके बोंडू वेचायचे, बी काढायची, बोंडू तुडवून रस काढायचा, तो आंबवून भट्टीवर चढवायचा. पहिल्यांदा उतरते ती हुर्राक. ती रस घालून पुन्हा भट्टीवर चढवली की फेणी. पण हे पहिल्यांदा कोणाच्या हातून घडले? त्याचे नाव कुठेही लिहिलेले नाही.

मग २००९ साली गोव्याच्या काजूफेणीला भौगोलिक मानांकन मिळाले, ते कशाच्या आधारावर? इथे थोडा विचार करू या. पेटंट शोध लावणाऱ्याला मिळते. मानांकन मात्र कोणा एकाच्या मालकीचे नसते. त्या भूमीत ती वस्तू ठरलेल्या रीतीने करणाऱ्या सर्वांचे ते असते. म्हणजे 'आम्ही पहिले' असे सिद्ध करावे लागत नाही, 'आम्ही खरे' असे राहावे लागते.

हे आपल्यालाही लागू आहे. हापूस हे नाव पोर्तुगीज 'आफोन्सो'वरून आले, तरी आज हापूस आपलाच आहे. २०१८ साली त्यालाही मानांकन मिळाले. परंतु हंगामात परप्रांतातला आंबा 'देवगड हापूस' छापलेल्या पेटीत भरला जातो, हे आपण सारे जाणतो. त्यावर कोणी म्हणेल, "फादर, नावच जर बाहेरून आले, तर पेटीवरच्या नावाचे एवढे काय?"

आम्हांला वाटते, इथे दोन गोष्टींची गल्लत होते. मूळ ठाऊक नसणे हे अज्ञान आहे, त्यात पाप नाही. मूळ ठाऊक असून लपवणे हे असत्य आहे. चारशे वर्षांपूर्वी काय घडले ते आपल्याला सांगता येणार नाही, पण काल रात्री पेटीत कोणता आंबा भरला ते नक्की सांगता येते. फेणीत स्वस्त स्पिरिट मिसळणाऱ्यालाही ते ठाऊक असते. पिणाऱ्याला ते कळत नाही, आणि त्याचे जे नुकसान व्हायचे ते होते.

काना गावच्या लग्नातील भोजनप्रमुख आठवा (योहान २:९). द्राक्षारस कुठून आला हे त्याला माहीत नव्हते, तरी त्याने तो मनापासून वाखाणला. पाणी काढणाऱ्या चाकरांना मात्र ते माहीत होते. जगात बहुतेक वेळा आपण त्या भोजनप्रमुखासारखे असतो. ज्यांची नावे आपल्याला कधीच कळणार नाहीत, अशांच्या कष्टाचे आपण खातो-पितो. त्यांचे ऋण मानावे. पण आपल्या स्वतःच्या बागेत, दुकानात, तराजूपाशी आपण चाकरांच्या जागी उभे असतो. तिथे 'ठाऊक नाही' म्हणण्याची सोय आपल्याला नाही.

या हंगामात पेटीचे झाकण ठोकण्यापूर्वी एवढे मनात आणू या.

प्रभू आपणां सर्वांना आशीर्वादित करो.

आपले धर्मगुरू