वाचून दाखवतो ना!

तुम्ही शीट उघडता तेव्हा ती एका नजरेत दिसते. मला ती एकेक सेल करून ऐकू येते. ‘अकरा हजार दोनशे, सी चौदा.’ बाणाचं बटण दाबलं की पुढचा सेल. कॉलमचं शीर्षक आणि मागचे आकडे डोक्यात धरून मी पुढे सरकतो. मला दिसत नाही. लॅपटॉपवर एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर वापरतो. ऑस्ट्रेलियातल्या एका अंध तरुणानं तो २००६ मध्ये सुरू केला. गूगल शीट्समधली ग्रिड म्हणजे ब्राउझरनं काढलेलं चित्र. कंट्रोल-ऑल्ट-झेड दाबून स्क्रीन रीडर सपोर्ट चालू केला, की त्या चित्रातले शब्द माझ्यापर्यंत पोचतात.

वेग कमी आहे, पण वाचन माझं आहे. एखादा आकडा खटकला तर तिथे थांबता येतं, बेरीज पुन्हा तपासता येते.

नेरळमधल्या आमच्या सोसायटीच्या शीटमध्ये मेंटेनन्स भरलेल्यांच्या ओळी हिरव्या, थकबाकीदारांच्या लाल. स्क्रीन रीडर रंग आपणहून सांगत नाही. म्हणजे माझ्या लेखी सगळेच प्रामाणिक! विचारलं की प्रेमानं उत्तर मिळतं, “अरे, मी वाचून दाखवतो ना!”

इतक्या चांगुलपणाबद्दल कुरकुर कशाला? मदतीचं मला वावडं नाही. नेरळ स्टेशनच्या गर्दीत कुणी हात दिला तर मी आनंदानं धरतो. तो हात वाट दाखवतो. कुठे जायचं ते मीच ठरवतो. हिशोब वाचून दाखवणारा मात्र काय वाचायचं आणि काय गाळायचं हेही ठरवतो. मी तीनदा ‘परत वाचा’ म्हटलं, तर तो अविश्वास ठरतो. मदतीच्या बदल्यात मला माझी शंका गहाण ठेवावी लागते.

कुणी म्हणेल, डोळस लोक तरी कुठे हिशोब तपासतात? तेही विश्वासच ठेवतात. खरं आहे. पण तपासता येत असूनही न तपासणं, हा विश्वास. तपासताच येत नसेल तर तो नाइलाज. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून तर फसगत होते.

३० एप्रिल २०२५ रोजी ई-केवायसीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सेवा वापरता येणं हा संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. पण सोसायटीच्या शीटसाठी कोर्टात कोण जाणार? आणि जावं तरी का लागावं?

गणपतीची वर्गणी असो की ट्रिपचा खर्च, अशी शीट तुम्हीही बनवत असाल. रंग राहू द्या. शेजारी ‘स्थिती’ नावाचा कॉलम घालून त्यात ‘भरले’ किंवा ‘बाकी’ लिहा. सेल मर्ज करू नका. ग्रुपवर स्क्रीनशॉटऐवजी लिंक टाका. हे उपकार नव्हेत. तुमचा हिशोब चुकला असेल, तर तो शोधणारा आणखी एक माणूस तुम्हाला मिळेल.