रात्री दोनचं विमान

मुंबईहून युरोप-अमेरिकेकडे जाणारं विमान बहुधा अपरात्रीच सुटतं. साडेबारा, दोन, पावणेतीन. त्याआधी तीन तास हजर राहायचं, म्हणजे घरून दहाच्या सुमाराला निघायचं, सोडायला येणाऱ्यांची झोप मोडायची, आणि ज्या वेळी माणूस घरच्यांशीही धड बोलत नाही त्या वेळी अनोळखी लोकांना एकामागून एक आपली ओळख पटवत सुटायचं. विमानतळावर माणसं का चिडतात, याचं उत्तर शोधायला दूर जायला नको असं वाटतं. मला मात्र ते फ्रँकफर्टपर्यंत जाऊन शोधावं लागतं.

फ्रँकफर्टच्या विमानतळावर २०११ पासून रात्री अकरा ते पहाटे पाच नियोजित उड्डाणं बंद आहेत. नवी धावपट्टी झाली, आसपासचे रहिवासी न्यायालयात गेले, आणि न्यायालयाने त्यांची झोप राखली. लंडनच्या हीथ्रोवर रात्रीच्या विमानांची वर्षाची संख्याच ५,८०० वर बांधून टाकली आहे. आता गणित मांडून पाहा. मुंबईहून रात्री अडीचला निघालेलं विमान नऊ तास उडतं आणि हिवाळ्यात जर्मनीत सकाळी सातला पोचतं. अमेरिकेला जाणाऱ्या प्रवाशाला तिथे दहा-अकराचं पुढचं विमान आरामात मिळतं. तेच विमान परत फिरायचं तर सकाळी अकराला निघून मुंबईत रात्री साडेअकराला उतरतं. तीन तासांत साफसफाई, इंधन, जेवणाचे डबे, की पुन्हा अडीच. तिकडचा दिवस दोन्ही बाजूंनी जपायचा तर इकडची रात्रच वापरावी लागते. खापर एकट्या युरोपवर फोडून चालणार नाही. आखातातल्या मोठ्या विमानतळांनाही आपापल्या जोडउड्डाणांच्या वेळा साधायच्या असतात, आणि मुंबईच्या धावपट्टीवर दिवसा देशातल्याच विमानांची दाटी असते. पण फ्रँकफर्टच्या माणसाने राखलेल्या झोपेचा थोडा तरी खर्च कुर्ल्याच्या जरीमरीत, धावपट्टीच्या भिंतीला पाठ लावून झोपणाऱ्यांच्या नावावर पडतो, हे कुठे लिहिलेलं सापडत नाही.

चेक-इनच्या काउंटरवर उभ्या असलेल्या मुलीला यातलं काही ठाऊक नसतं, आणि तिच्यावर ओरडणाऱ्या गृहस्थांनाही नसतं.

मुंबईच्या धावपट्ट्यांची गोष्टही तशीच. नकाशात त्या दोन दिसतात, पण एकमेकींना छेदून जातात. एकीवर विमान असताना दुसरी वापरता येत नाही. म्हणजे कामापुरती एकच. एका बाजूला वस्ती, दुसऱ्या बाजूला वस्ती, खालून मिठी नदी. वाढायला जागा नाही. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूच्या धावपट्टीवर उतरले तेव्हा त्यांच्या विमानात टपालाच्या थैल्या होत्या. प्रवासी नव्हते, म्हणून तक्रारही नव्हती. सांताक्रूझचं विमानतळ महायुद्धाच्या काळात वाढलं, पुढे सहारची इमारत आली, आणि डिसेंबर २०१८ मध्ये एका दिवसात इथे १,००७ विमानं उतरली-उडाली. सरासरी ८६ सेकंदांना एक. वर्तमानपत्रांनी हा विक्रम कौतुकाने छापला. कौतुक खरंच होतं, नियंत्रण मनोऱ्यातल्या लोकांचं.

पण अशा भरलेपणाचा एक नियम आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नर एर्लांग या गणितज्ञाने १९०९ मध्ये त्याचा पाया घातला. कॉल केव्हा येतील ते सांगता येत नाही, ऑपरेटर मोजके. मग कोणाला किती थांबावं लागेल? त्याच्या मागोमाग जे शास्त्र उभं राहिलं त्यातलं सोप्यात सोपं गणित असं : एक खिडकी आहे, माणसं वाटेल तेव्हा येतात. खिडकीवरच्या माणसाचा ८० टक्के वेळ कामात जात असेल, तर येणाऱ्याला सरासरी चार जणांचं काम व्हायला लागेल इतकं थांबावं लागतं. ९० टक्के जात असेल तर नऊ जणांचं. ९५ टक्के असेल तर एकोणीस. काम पाच टक्क्यांनी वाढलं आणि थांबणं दुपटीहून जास्त झालं. यात कोणी आळस केला नाही, कोणी पैसे खाल्ले नाहीत, कोणी चहाला उठून गेलं नाही. खिडकी रिकामी दिसू नये म्हणून ती जितकी कामाला जुंपावी तितकी रांग वाढते, आणि खिडकी रिकामी दिसली की हिशेबनीस विचारतो, हा माणूस इथे कशाला ठेवलाय? विमानतळाच्या रांगेत उभं राहून मी हे गणित अनेकदा मनातल्या मनात केलं आहे. रांग तेवढीच राहते. समोरच्या माणसाबद्दलचा राग जरा उतरतो. मग तो ठेवायचा कुठे, हा प्रश्न उरतो.

कारण पुढच्या रांगेलाही मालक नाही. सुरक्षा तपासणीच्या पट्ट्यासमोर आपण जे जे काढून ठेवतो त्यातल्या बऱ्याचशा गोष्टींना तारीख आहे. विमान अपहरणांचं पेव फुटल्यावर अमेरिकेने जानेवारी १९७३ पासून प्रत्येक प्रवाशाची झडती सक्तीची केली. डिसेंबर २००१ मध्ये एकाने बुटात स्फोटकं दडवून विमानात आणली. त्यानंतर अमेरिकेत बूट काढायला लावू लागले, ते जुलै २०२५ पर्यंत. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनला द्रव स्फोटकांचा कट उघडकीस आला. त्यातून शंभर मिलिलिटरची मर्यादा आली, आणि ठाण्याच्या आजीबाईंची गुलाबपाण्याची बाटली केराच्या टोपलीत गेली. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून निघालेलं आपलं विमान कंदाहारला नेलं गेलं. दोन महिन्यांच्या आत, फेब्रुवारी २००० मध्ये, जयपूरपासून सुरुवात करून केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाने विमानतळांचा ताबा घ्यायला सुरुवात केली. ज्यांनी ही अपहरणं केली, हे कट रचले ते केव्हाच मेले, तुरुंगात गेले किंवा पसार झाले. त्यांची आठवण रोज लाखो माणसं पट्टा काढून ट्रेमध्ये ठेवताना पाळतात, कोणाची ते न कळता.

बायकांच्या रांगेत हा प्रकार जवळून दिसतो. झडतीसाठी पडद्याआडची खोली लागते, आणि त्या खोल्या पुरुषांच्या चौकटींपेक्षा कमी असतात. त्यामुळे होतं असं, की बाईची पर्स, लॅपटॉप, मुलाची दुधाची बाटली ट्रेमधून केव्हाच पलीकडे जाऊन पडलेली असते आणि बाई अजून अलीकडे, दोन जणींच्या मागे, मान उंच करून पट्ट्याकडे बघत उभी असते. पलीकडे कोणी एक पुरुष घाईघाईने ट्रे सरकवतो. तिच्या तोंडून ‘अहो, ते माझं आहे’ एवढंच निघतं. बाजूच्या भिंतीवर मात्र झडतीतून सूट असलेल्या मान्यवरांची यादी लावलेली असते : राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, पंतप्रधान, राज्यपाल, मुख्यमंत्री आणि पुढे बरेच. रांग हलेपर्यंत ती वाचायला भरपूर वेळ मिळतो.

काही नियम इतके आपल्या स्वयंपाकघरातून उचलल्यासारखे आहेत की त्यांच्यावर रागावताही येत नाही. सुक्या खोबऱ्याचंच घ्या. खोबऱ्यात तेल असतं, आणि साठवलेलं खोबरं आतल्या आत तापून पेट घेऊ शकतं. म्हणून मालवाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय यादीत ते धोकादायक वस्तूंमध्ये मोडतं आणि चेक-इनच्या बॅगेत चालत नाही. डिसेंबर २०२२ या एका महिन्यात मुंबई विमानतळावर प्रवाशांच्या बॅगांमधून नऊशेहून अधिक खोबऱ्याच्या वाट्या निघाल्या. मी हा प्रसंग पाहिला आहे : काउंटरच्या बाजूला फरशीवर बॅग उघडी, मुलगा मेलबर्नला शिकायला निघालेला, आणि त्याची आई दोन मोज्यांमध्ये घातलेल्या वाट्या बाहेर काढत म्हणते आहे, ‘अरे, खोबरं कधी पेटतं का?’ वजनाच्या हिशेबात गोडा मसाला राहिला, मेतकूट राहिलं, वाट्या वडिलांच्या पिशवीत परत गेल्या. आईला कोणी कारण सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिला ते पटलंही असतं, कारण तेलकट खोबरं उन्हात कसं तापतं हे तिच्याइतकं तिथे कोणालाच ठाऊक नव्हतं.

डेव्हिड मेस्टर या व्यवस्थापनतज्ज्ञाने १९८५ मध्ये रांगांच्या मानसशास्त्रावर एक छोटा निबंध लिहिला, आणि त्यात नेमकं हेच मांडलं : कारण न कळता थांबणं कारण कळून थांबण्यापेक्षा लांब वाटतं, किती थांबायचं ते ठाऊक नसलं की आणखी लांब, आणि हाताला काम नसलं की त्याहून लांब. ह्यूस्टन विमानतळाचा एक किस्सा या विषयात नेहमी सांगतात. सामान उशिरा येतं अशा तक्रारी फार होत्या. व्यवस्थापनाने विमानं लांबच्या दारांना लावली आणि सामानाचे पट्टेही लांब नेले. प्रवासी मिनिटभराऐवजी सहा मिनिटं चालू लागले, पोचेपर्यंत सामान येऊ लागलं, तक्रारी संपल्या. मुंबईच्या टर्मिनल दोनमध्येही विमानातून उतरल्यावर भरपूर चालावं लागतं. ते मुद्दाम केलंय असा माझा आरोप नाही. पाय मात्र शंका घेतात.

२०१४ साली सुरू झालेलं ते टर्मिनल देखणं आहे, हे कबूल करायला हवं. मोरपिसाऱ्याची आठवण देणारे ते उंच पांढरे खांब, राजीव सेठींनी मांडलेलं ‘जय हे’ हे प्रचंड कलादालन, जुने कोरीव दरवाजे आणि झरोके. रात्री एक वाजता त्या झरोक्यांखालून माणसं गेटचा नंबर शोधत पळत असतात. एवढी कला एवढ्या कमी नजरेने दुसरीकडे कुठे पाहिली जात नसेल. दुकानांना मात्र नजर मिळते, कारण वाट तिथूनच वळवलेली असते. विमानतळाचं शुल्क ठरवताना दुकानं आणि इतर बिगर-विमान उत्पन्नाचा ३० टक्के भाग जमेस धरतात. म्हणजे तुम्ही तीन तास आधी येऊन, कंटाळून, नको असलेलं चॉकलेट घेतलंत तर कागदावर तरी कोणाचं तरी तिकीट पैशाने स्वस्त होतं. थांबणं ही अडचण नसून मिळकत आहे असं एकदा ठरलं, की ते कमी करण्याची घाई कोणाला असणार?

थांबण्याला मराठी माणूस कच्चा नाही. आषाढीला पंढरपूरची दर्शनबारी पत्राशेड ओलांडून गोपाळपूरपर्यंत जाते. माणसं वीस-वीस तास उभी असतात, पावसात, भिजक्या पायांनी, आणि अभंग म्हणतात. तिथे वैताग नसतो हे म्हणणं भाबडेपणाचं होईल. मध्येच कोणी पुढाऱ्याची माणसं घुसवली की बारीतला आवाज बदलतो. पण तो राग नेमका असतो, घुसणाऱ्यावर आणि घुसवणाऱ्यावर. आणि तो गेला की माणूस परत पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहतो. बारीच्या शेवटी काय आहे ते ठाऊक असतं, आणि उभं राहणं हा त्याचाच भाग मानलेला असतो. विमानतळाला आपली रांग लपवायची असते. वळसे, फिती, पडदे, संगीत. जे आहे ते नसल्यासारखं दाखवल्यामुळे आपल्याला फसवल्यासारखं वाटतं, आणि मग हाताशी असेल त्या गणवेशावर आपण घसरतो.

आपण, म्हणजे ज्यांना घसरता येतं ते. त्याच रांगेत खेड, मंडणगड, म्हसळ्याची मुलं उभी असतात, कुवेतला किंवा दम्मामला निघालेली. हातात प्लास्टिकची पारदर्शक फाइल, तिच्यात करारपत्र, व्हिसाची प्रत, एजंटचा नंबर. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली, दहावी न झालेल्या बहुतेकांना अठरा ठरावीक देशांत नोकरीसाठी जायला वेगळी परवानगी लागते. कायदा त्यांच्या संरक्षणासाठी आहे आणि त्याने खरोखर काही जण फसवणुकीतून वाचले आहेत. पण खिडकीसमोर उभं राहिल्यावर तो संरक्षणासारखा दिसत नाही. आपल्याला उशिराची चीड असते, त्यांना परत पाठवतील याची धास्ती. ती मुलं कधी आवाज चढवत नाहीत. विमान चार तास उशिरा असल्याचं कळलं की आपण ट्विट करतो. ती बॅग उशाला घेऊन खांबाशी आडवी होतात.

१ जुलै २०१७ पर्यंत भारतीयांनाही देश सोडताना एक छापील फॉर्म भरावा लागायचा. नाव, पासपोर्ट क्रमांक, व्यवसाय, पत्ता. पेन कोणाकडेच नसायचं. रांगेच्या आधी एक उंच टेबल असे, आणि तिथे पँटशर्टातला कोणी चष्मेवाला दिसला की त्याच्यापुढे पासपोर्टची चळत येई. ‘काका, जरा भरून द्या ना.’ मी असे बरेच फॉर्म भरले आहेत. एकदा व्यवसायाच्या रकान्यापाशी थांबून विचारलं, काय लिहू? तो पोरगा जरा घुटमळला आणि म्हणाला, ‘व्हिसावर हाय तो लिवा.’ व्हिसावर सुतार होतं. हातांवर, नखांच्या कडेने, ग्रीजच्या काळ्या रेषा होत्या. मी सुतार लिहिलं. पाठीमागे उभ्या असलेल्या बाई माझ्यावर वैतागल्या, कारण माझ्यामुळे रांग अडली होती, आणि त्यांचं बरोबरच होतं. फॉर्म गेला हे चांगलंच झालं. तो कोणी वाचत असेल असं मला कधी वाटलं नाही. आता जानेवारी २०२५ पासून मुंबईत पूर्वनोंदणी केलेल्यांसाठी आपोआप उघडणारी दारंही आली आहेत. चष्मेवाले त्यातून निघून जातात. फाइलवाल्यांच्या रांगेत आता चष्मेवाला सापडत नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं. तिथे समांतर धावपट्ट्या आखलेल्या आहेत, त्यामुळे एकमेकींच्या वाटेत येण्याचा प्रश्न नाही. फ्रँकफर्टची रात्र मात्र आहे तिथेच आहे. तेव्हा नवी मुंबईहूनही लांबची विमानं दोन-अडीचलाच सुटतील असं धरून चालावं. खेडच्या मुलाला मात्र फायदा होईल. गाडीने रात्रभर मुंबईत शिरून सहार गाठण्याऐवजी तो पळस्पे फाट्यालाच उतरेल. तीन तास आधी या, असं त्यालाही सांगतील. आणि मुंबई-गोवा महामार्गाचा भरवसा नसल्यामुळे तो घरून आदल्या दुपारीच निघालेला असेल.