‘येस’ कुणी टाइप केलं?

सिस्कोचा आयएसआर ४३३१ नावाचा एक राउटर आहे. मूळ किमतीत घेतला तर तो सेकंदाला १०० मेगाबिट डेटा पुढे ढकलतो. परफॉर्मन्स लायसन्स घेतलं की ३००. मधल्या काळात कुणी येऊन पेटी उघडत नाही की चिप बदलत नाही. ताकद पहिल्या दिवसापासून आतच असते, फक्त सॉफ्टवेअर तिला आवरून धरतं.

हे पहिल्यांदा कळतं तेव्हा बहुतेकांना राग येतो. घर विकत घेतलं आणि एका खोलीला बिल्डरचं कुलूप! मला हा राग पूर्ण पटत नाही. एकच पेटी बनवून तिचे दोन भाव ठेवले की ज्याला १०० पुरतात त्याचं कमी पैशांत भागतं. खोली बंद असेल हे आधी सांगितलं होतं आणि भावही त्या हिशोबाने लावला होता, तर फसवणूक कुठे झाली? चिडचिड होते, ती वेगळी.

खरा पेच कुलूप नसतं तिथे आहे.

२००९ मध्ये आलेल्या आयएसआर जी-टू राउटरांवर एकच ‘युनिव्हर्सल’ इमेज असायची. सगळी फीचर्स तिच्यातच, पण सिक्युरिटी वगैरे पॅकेजेस लायसन्सने चालू करायची. यात ‘राइट टू यूज’ नावाचा प्रकार होता. कमांड द्यायची, कराराचा लांबलचक मजकूर स्क्रीनवरून सरकतो, खाली प्रश्न येतो: मान्य आहे? येस की नो? येस टाइप करून रीबूट केलं की व्हीपीएन चालू. मुदत ६० दिवसांची. एकसष्टाव्या दिवशी काय होतं? काहीच नाही. फीचर चालत राहतं. तुम्ही एव्हाना पैसे भरले असतील, असं गृहीत धरलेलं असतं.

यावर ठरलेलं वाक्य म्हणजे ‘कुणाचं काय गेलं?’ आणि ते अगदीच पोकळ नाही. तुमच्या राउटरवर एन्क्रिप्शन चालू झालं म्हणून कंपनीच्या गोदामातून काही कमी होत नाही. म्हणून मी याला चोरी म्हणणार नाही. पण शब्द दिला होता, तो मोडला. समोरच्याने कुलूप लावलं नाही म्हणून शब्दाचं वजन कमी होतं का? मला वाटतं, उलट वाढतं.

फक्त, शब्द दिला कुणी? रात्री दोन वाजता मेंटेनन्स विंडोत येस टाइप करणारा दोन वर्षं अनुभवाचा इंजिनिअर असतो. कंपनीच्या वतीने कँटीनच्या चहाचा करार करायचाही त्याला अधिकार नाही. ‘तू चालू कर रे, पीओ नंतर बघू’ हे मॅनेजरने फोनवर सांगितलेलं असतं, मेलवर नाही. फायदा कंपनीचा, लॉगमध्ये युजरनेम पोराचं. ‘सर, मेलवर टाकाल का?’ एवढं विचारणंसुद्धा आपल्या ऑफिसांत आगाऊपणा ठरतं. मला या सगळ्यात लायसन्स न भरण्यापेक्षा हे जास्त वाईट वाटतं: दुसऱ्याच्या तोंडून खोटं वदवून घेणं. (नव्या उपकरणांत स्मार्ट लायसन्सिंग आलंय, वापराचा हिशोब कंपनीकडे पोचवावा लागतो. म्हणजे भरवशाचा विषयच संपला.)

आता उलट बाजू. आपण शब्द पाळायचा, तर विकणाऱ्याचं देणं काय?

ऑक्टोबर २०२३ मध्ये सिस्कोच्या आयओएस एक्सईच्या वेब इंटरफेसमध्ये एक भोक सापडलं. गांभीर्याच्या मोजपट्टीवर दहापैकी दहा. बाहेरचा कुणीही पासवर्डशिवाय स्वतःचं ॲडमिन खातं उघडू शकत होता, आणि हल्लेखोर ते आधीपासून करत होते. एरवी नवं सॉफ्टवेअर डाउनलोड करायला सर्व्हिस कॉन्ट्रॅक्ट लागतं. अशा दुरुस्त्यांसाठी मात्र कॉन्ट्रॅक्ट नसलेला ग्राहकही सिरियल नंबर देऊन मागणी करू शकतो. हे योग्यच आहे. नवं फीचर हा जास्तीचा माल, त्याचे पैसे घ्या. भोक ही विकलेल्या मालातलीच खोट आहे. शिवाय ताब्यात गेलेला राउटर फक्त मालकाला त्रास देत नाही, त्याच्यावरून तिसऱ्याच कुणावर हल्ला होतो.

लॅटव्हियाची मिक्रोटिक कंपनी अपडेट सगळ्यांनाच फुकट देते. आपल्याकडे अनेक छोट्या केबल-इंटरनेटवाल्यांचा जीव तिच्यावर आहे. पण २०१८ मध्ये तिच्या विनबॉक्समधल्या भोकावर एप्रिलमध्येच दुरुस्ती आली, तरी पुढे कित्येक महिने मोठ्या संख्येने राउटर हल्लेखोरांच्या हाती जात राहिले. फुकट होतं, पण कुणी टाकलंच नाही.

तरी ज्याला मागायचा हक्कच नाही, त्याचं काय? सिस्कोचं सॉफ्टवेअर लायसन्स सहसा पेटीबरोबर नव्या मालकाकडे जात नाही. जुना स्विच कंपनीच्या मान्यतेविना विकत घेतला तर हातात लोखंड येतं, हक्क येत नाही. हे न्याय्य आहे का यावर न्यायालयांचंही एकमत नाही. अमेरिकेत २०१० च्या व्हर्नर विरुद्ध ऑटोडेस्क खटल्यात अपील न्यायालयाने कंपनीची बाजू घेतली: ही विक्री नाही, परवानगी आहे. युरोपच्या न्यायालयाने २०१२ मध्ये यूजडसॉफ्ट प्रकरणात उलट सांगितलं: पैसे घेऊन कायमचं लायसन्स दिलं तर ती विक्रीच, पुढे विकता येईल. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये टीसीएसच्या खटल्यात तयार सॉफ्टवेअरला ‘वस्तू’ ठरवलं, पण प्रश्न विक्रीकराचा होता.

लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारातून जुना स्विच आणून सीसीएनएचा अभ्यास करणाऱ्या मुलाबद्दल माझी काही तक्रार नाही. त्याचा स्विच टेबलावर असतो, इंटरनेटवर उघडा नसतो. तीच पेटी एखाद्या पतसंस्थेत किंवा दवाखान्यात बसवली जाते तेव्हा गोष्ट वेगळी. तिथे विकणाऱ्याने बिलावर एक ओळ लिहावी: याला अपडेट मिळणार नाही. मग घ्यायचं की नाही ते घेणारा ठरवेल.